धंद्याचा रुमाल

सिटी बसच्या कंडक्टरने चुकून चाराणे जास्त दिले म्हणून तीच बस फेरी मारून परत येईपर्यंत भर उन्हात स्टॉपवर उभा राहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. मी सोबत होतो म्हणून सांगतो, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. जयपूरच्या मालवीय नगरला उतरल्यावर अण्णांनी मूठ उघडून पैसे मोजले आणि कपाळाला हात लावला. मी म्हटलं, "जाऊ द्या ना अण्णा, चाराणे तर आहेत." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी गपचूप पानवाल्याच्या ताडपत्रीखाली जाऊन उभा राहिलो. बस आली. अण्णा पुढच्या दाराने चढले, चाराणे कंडक्टरच्या हातावर ठेवले आणि त्यांच्या खास मुंबई हिंदीत म्हणाले, "भैया, ये तुम्हारा हमारे पास आयेला था." कंडक्टर आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिला. या बाबूजींना घरी सांभाळून न्या, असा काहीतरी भाव त्याच्या चेहऱ्यावर होता.

उतरल्यावर अण्णा मला म्हणाले, "विलासराव, जे आपलं नाही ते खिशात जड होतं." मी तेव्हा विशीत होतो. मला त्या वयात 'राव' लावणारे ते एकटेच. त्या दोन अक्षरांसाठी मी त्यांच्यामागे कुठेही गेलो असतो, आणि गेलोही.

हा प्रसंग आधीच सांगून टाकला, कारण याच अण्णांनी पुढे आम्हाला फसवलं. बाजारात फसवणारे पुष्कळ असतात. त्यांना आपण ओळखून असतो, सावध राहतो, तरी फसलो तर शिव्या घालून मोकळे होतो. अण्णांना शिव्या घालता आल्या नाहीत, म्हणून त्यांचा राग आजही माझ्या पोटात तसाच आहे.

अण्णा मुंबईच्या कस्टममधून निवृत्त झालेले. परदेशातून आलेला माल नेमका कोणत्या वर्गात बसतो, त्याची किंमत किती आणि त्यावर कर किती, हे ठरवण्यात त्यांची नोकरी गेली. त्यांचे जावई फौजेत होते आणि तेव्हा जयपूरला त्यांची बदली झालेली. मुलीजवळ राहावं म्हणून अण्णा आणि माई इकडे आले आणि त्यांनी खातीपुऱ्यात, आमच्या रेल्वे क्वार्टर्सच्या मागच्या गल्लीत घर भाड्याने घेतलं. दोन वर्षांत जावयाची बदली झाली, मुलगी गेली, पण अण्णा राहिले. जोहरी बाजारातल्या एका सेठजींनी त्यांना कस्टमची कामं बघायला ठेवून घेतलं होतं. सेठजी आफ्रिकेतून रत्नांचे कच्चे दगड मागवत आणि आमच्यासारख्या लहान कारागिरांना विकत.

'आमच्यासारख्या' म्हणायचं कारण असं, की मॅट्रिकला दोनदा आपटी खाल्ल्यावर मी घाटगेटला गफूर उस्तादांच्या कारखान्यात दगड घासायला शिकत होतो. माझे वडील रेल्वेत गार्ड, मूळचे भुसावळचे. गार्डाचा मुलगा लाखेच्या काडीवर खडा चिकटवून चाकावर घासत बसतो, याची त्यांना भयंकर लाज वाटायची. महाराष्ट्र मंडळात कुणी विचारलं, की ते "जवाहिऱ्यांच्या लाइनीत आहे ना भो" असं मोघम सांगत. अण्णांनी एकदा सगळ्यांसमोर त्यांना थांबवलं. "गार्डसाहेब, मी तीस वर्षं दगडांवर शिक्के मारले. तुमचा मुलगा दगडातून उजेड काढतो. लाज कुणाला वाटायला हवी?" त्यानंतर वडिलांनी मला त्या कामावरून टोमणा मारला नाही. अण्णांचं हे ऋण मी नाकारत नाही.

दुसरं ऋण भाषेचं. आम्ही जयपुरात वाढलेली मुलं घरात जे बोलत होतो त्याला मराठी म्हणणं ही आईवडिलांची दया होती. माझ्या दर वाक्यात दोनदा 'मतलब' यायचं. अण्णा तिथेच हात वर करायचे, रेल्वे फाटकासारखा. "म्हणजे म्हणा, विलासराव. 'म्हणजे' म्हटल्याशिवाय गाडी पुढे जाणार नाही." मी 'म्हणजे' म्हणायचो, मग हात खाली यायचा. मंडळाच्या कपाटातले जुने दिवाळी अंक त्यांनी मला एकेक करून वाचायला लावले, आणि वाचलेलं सांगायला लावलं. आज हे लिहितो आहे तेही त्यांनीच दुरुस्त करून दिलेल्या मराठीत. त्यांच्यावरचा राग लिहायलाही शब्द त्यांचेच वापरावे लागतात, याची मला चीड येते.

अण्णांच्या खिशात नेहमी दोन रुमाल असत. डाव्या खिशात घाम पुसायचा. उजव्या खिशात पांढराशुभ्र, इस्त्रीचा, चार घड्यांचा. "हा माझा आणि हा धंद्याचा," असं ते सांगत. धंद्याचा रुमाल म्हणजे काय, हे बाजार न पाहिलेल्याला सांगावं लागेल. आमच्या बाजारात दगडाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा समोरासमोर बसतात, हातात हात घेतात आणि त्यावर रुमाल टाकतात. मग रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगायचा, बोटं दाबूनच नाही म्हणायचं. आजूबाजूला दहा माणसं बसलेली असोत, कुणाला काही कळत नाही. चेहरे कोरे, वर गप्पा पावसापाण्याच्या, आणि खाली घासाघीस चाललेली. सौदा ठरला की हात सुटतात. नंतर चिठ्ठी मिळते, तिच्यावर एकच आकडा.

कस्टमच्या माणसाला हे कुठून येणार? पण अण्णा चार महिन्यांत असे तयार झाले, की सेठजी गादीवर नसले तर सौद्याला तेच हात पुढे करू लागले. त्यांचा हात मऊ आणि कोरडा होता. उस्ताद म्हणायचे, "अण्णाजी का हाथ झूठ नहीं बोलता." बाजारात एवढी मोठी पावती दुसरी नसते.

मग ते मनगटाचं प्रकरण सुरू झालं. कच्च्या दगडावर तेव्हा सेठजींना ड्यूटी पडत नव्हती. पण एका खेपेला कस्टमच्या नव्या अधिकाऱ्याने दगड हातात घेऊन पाहिले आणि म्हणाला, हे एका बाजूने करवतीने कापलेले आहेत, म्हणजे हा कच्चा माल नाही, अर्धा घडवलेला आहे. त्याच्यावर ड्यूटी भरा. खरं तर आत तडा आहे का हे बघायला खाणीवरच दगडाची एक कड उडवतात. त्याला घडवणं म्हणत नाहीत. अण्णांनी भांडण मांडलं, अपील केलं. पण अपिलाचा निकाल लागेपर्यंत दर खेपेला ड्यूटी भरल्याशिवाय माल सुटणार नव्हता. सेठजींनी ती भरली आणि अर्थातच आमच्या भावात चढवली. सेठजी काही धर्मादाय दवाखाना चालवत नव्हते.

ती कशी चढवायची, ही युक्ती अण्णांची. रुमालाखाली बोटांनी दगडाचा भाव ठरला, की विकणाऱ्याने घेणाऱ्याचं मनगट एकदा दाबायचं. त्याचा अर्थ, या भावावर सरकारची ड्यूटी वेगळी. अण्णांनी आम्हाला कारखान्यात येऊन समजावलं होतं, "तुमच्याकडून दगडाचे किती आणि सरकारचे किती, हे तुम्हाला वेगळं कळायला हवं. उद्या अपील जिंकलो, तर सरकारचे परत येतील. तेव्हा आपण किती भरले होते हे तुमच्या लक्षात असेल." मी विचारलं, मग चिठ्ठीवरच वेगळं का नाही लिहीत? ते म्हणाले, "लिहिलं की त्याच्यावर विक्रीकराचं लचांड मागे लागतं. तुम्हालाच महाग पडेल." आम्हाला पटलं. किती विचारी माणूस, असंच वाटलं. त्या दिवशीच त्यांच्या मनात पुढचं होतं का, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. नसावं असं वाटतं, आणि नसेल तर जास्तच राग येतो.

गल्लीत 'मनगट' हा शब्दच रूढ झाला. राजस्थानी, उर्दू बोलणारी माणसं मराठी शब्द वापरू लागली. "आज मनगट कितना गया?" म्हणून उस्ताद मला विचारत. विनोद होता तो सुरुवातीला. पण तयार खड्याला गिऱ्हाईक जुनाच भाव देत होतं आणि कच्चा दगड महाग झालेला. उस्तादांच्या कारखान्यात चार चाकं होती. पहिल्या वर्षी एक विकलं, दुसऱ्या वर्षी दोन. चार कारागीर होते, त्यातले तीन गेले. उरलो मी आणि उस्ताद, एका चाकावर आळीपाळीने. वीज गेली की आम्ही दोघं उंबऱ्यावर बसायचो आणि उस्ताद म्हणायचे, अपील का फैसला होने दो, तीनों चाक वापस लाऊँगा. भिंतीपाशी जिथे ती तीन चाकं असायची, तिथल्या जमिनीवर त्यांनी दुसरं काही ठेवू दिलं नाही. ते रोज ती जागा झाडून घेत.

अपील जिंकलो. दगड कच्चेच आहेत, ड्यूटी चुकीची घेतली, असा निकाल लागला. अण्णांनी मंडळात पेढे वाटले. पण पैसे परत मागायला गेल्यावर खात्याने नवीनच खुसपट काढलं. खात्याचं म्हणणं असं, की ड्यूटी तुम्ही भरली खरी, पण ती गिऱ्हाइकांकडून वसूल केली असणार. आता परत दिली तर तुम्हाला ती दुसऱ्यांदा मिळेल. याला इंग्रजीत नाव होतं, 'अनजस्ट एनरिचमेंट.' मी अण्णांना विचारलं, म्हणजे काय? ('मतलब' नाही म्हटलं.) ते गच्चीवर खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "पंगतीत शेजारच्याच्या पानातली जिलबी आपण खायची, आणि वाढपी चूक सुधारायला आला की 'माझी जिलबी राहिली' म्हणून आणखी एक मागून घ्यायची. याला म्हणतात अनजस्ट एनरिचमेंट." मी हसलो. ते हसले नाहीत. "खात्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, विलासराव. जिलबी शेजारच्याची आहे."

मग मी सरळच विचारलं, तर मग आमच्या पैशांचं काय? कारण आम्ही खरं सांगितलं तर सेठजींना पैसे मिळणार नाहीत, आणि खात्याकडून ते आम्हालाही मिळणार नाहीत, कारण पावत्या सेठजींच्या नावाच्या. सरकारने चुकून घेतलेले पैसे सरकारकडेच राहणार. अण्णा म्हणाले, "बरोबर ओळखलंत. म्हणून सुनावणीत मी उघडच सांगणार आहे, की ओझं कारागिरांनी उचललं आणि फर्म त्यांना त्यांचे पैसे परत देईल असं लिहून द्यायला तयार आहे. सुनावणी घेणाऱ्या साहेबांना निकालातच तसं घालायला लावतो. सेठजींशी बोललोय मी."

हेच ते घाटगेटला येऊन उस्तादांना सांगून गेले. तरटावर मांडी घालून बसले. अण्णा कुणाकडे फुकट चहा पीत नसत. कुठे गेले तर खिशात खडीसाखरेची पुडी, नाहीतर बिस्किटं असायची. चहा घ्यायचा आणि पुडी तिथे ठेवायची. त्या दिवशी काहीच आणलं नव्हतं. उस्तादांनी चहा पुढे केला आणि ते प्यायले. आम्हाला त्यात आपलेपणा दिसला. उस्तादांना तर भरूनच आलं. अण्णा निघताना उस्तादांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला, रुमाल न टाकता.

सुनावणीला साहेबांनी सेठजींकडून दगड घेणाऱ्या काही गिऱ्हाइकांनाही बोलावलं होतं. बाकीचे कुणी आले नाहीत, सरकारी कचेरीत जायला कोण तयार होणार. मी आणि उस्ताद गेलो. उस्तादांनी ईदची शेरवानी घातली होती. आम्ही मागच्या बाकावर बसलो. साहेब मध्यमवयीन, थकलेले, पण बोलायला तिखट. ते सेठजींना म्हणाले, "दो साल से ऊपर ड्यूटी अपनी जेब से भरते रहे? धंधा कर रहे थे या पुण्य?" सेठजींनी अण्णांकडे पाहिलं. मीही पाहिलं, आता ते सांगणार म्हणून.

अण्णा उभे राहिले आणि म्हणाले, "साहब, दाम बाजार तय करता है, हम नहीं. ड्यूटी का एक पैसा भी हमने गिऱ्हाइक से लिया नहीं. एक भी चिट्ठी बताइए जिसपे ड्यूटी लिखेला है."

मला आधी वाटलं, ही प्रस्तावना असेल. वकिली पद्धत असते, आधी एक बोलायचं आणि मग दुसऱ्यावर यायचं. उस्तादांना मात्र लगेच कळलं. त्यांनी आयुष्यभर चेहरे कोरे ठेवणाऱ्या माणसांबरोबर सौदे केले होते. साहेबांनी विचारलं, "यहाँ कोई खरीदार बैठा है?" आणि उस्ताद उठू लागले. त्यांचा उजवा हात डाव्या मनगटावर गेलेला मला दिसला. तेच दाखवणार होते ते साहेबांना.

तेवढ्यात अण्णा वळले आणि माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, "त्यांना बसवा, विलासराव. हे असंच बोलावं लागतं. माझ्यावर विश्वास आहे ना?" त्या खोलीत मराठी समजणारे आम्ही दोघंच. उस्तादांनी अर्धवट उभं राहूनच मला विचारलं, "क्या कह रहे हैं?" मी सांगितलं, "कहते हैं, भरोसा रखिए." उस्तादांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी मान हलवली, अगदी हळू, घरच्या माणसाला हलवावी तशी. उस्ताद बसले. साहेबांनी पुढचं पान उलटलं.

आता कायदा बदलला आहे म्हणतात. ओझं दुसऱ्यावर टाकलं नाही, हे आता माल मागवणाऱ्यालाच सिद्ध करावं लागतं. नाही जमलं, तर पैसा ग्राहकांच्या भल्यासाठी म्हणून सरकारच्याच एका निधीत जातो. त्या काळी मात्र याबद्दल कोर्टाकोर्टात मतभेद होते, आणि कागदावर काही नसेल तर साहेब तरी काय करणार? रुमालाखालचं साहेबांना दिसत नाही. सेठजींना सगळे पैसे परत मिळाले.

बातमी कळली त्या दिवशी मी, उस्ताद आणि गल्लीतले आणखी चौघे गादीवर गेलो. सेठजींनी मावा कचोरी मागवली होती. सगळ्यांना आग्रह करून दिली. उस्तादांनी कचोरी हातातच धरून ठेवली आणि विषय काढला. सेठजी अजिबात रागावले नाहीत. राग यायला मनात काही खुपावं लागतं. ते समजुतीने म्हणाले, "रसीद फर्म की, लड़ाई फर्म की, तो रिफंड भी फर्म का हुआ ना? और इसमें अण्णाजी का भी तो हिस्सा है, जैसा तय हुआ था."

हिस्सा! तो शब्द ऐकून मी अण्णांकडे पाहिलं. ते गादीच्या कडेला बसून धंद्याचा रुमाल घडी घालत होते. घडी नीट बसत नव्हती, म्हणून ते पुन्हा उलगडून घालत होते. मी मराठीत विचारलं, "अण्णा, आणि मनगट? तुम्ही म्हणाला होता..." त्यांनी वर पाहिलं नाही. ते म्हणाले, "देखो भाई, कानून के हिसाब से जो है, वो है."

आमची ओळख झाल्यापासून अण्णा माझ्याशी पहिल्यांदाच हिंदीत बोलले. माझ्या 'मतलब'वर फाटक पाडणारा माणूस मला 'देखो भाई' म्हणाला. पैशांचं मला त्या क्षणी काही वाटलं नाही, खरंच सांगतो. दार आतून लावून घेतल्याचा आवाज यावा तसं मला ते वाक्य ऐकू आलं. उस्तादांनी कचोरी ताटलीत परत ठेवली, सेठजींना सलाम केला आणि बाहेर पडले. रस्त्यावर आल्यावर ते मला एवढंच म्हणाले, "हाथ सच्चा था, भैया. आदमी की बात मैंने पूछी ही नहीं."

उस्तादांनी उरलेलं चाकही विकायला काढलं. ते मला घे म्हणाले, आणि पैसे तुला जमतील तसे दे म्हणाले. ते चौमूंला धाकट्या भावाकडे गेले. त्याचं तिथे सायकलींचं दुकान होतं. पुढे मी एकदा भेटायला गेलो, तर ते बाजारात दुकानाबाहेर बसून पंक्चर काढत होते. ट्यूब पाण्यात दाबून, बुडबुडे कुठून येतात ते बघत होते. बोटं तीच, नखांत पॉलिशच्या पावडरीऐवजी रबराचा काळपटपणा. मला चहा पाजला. अण्णांचं नाव त्यांनी काढलं नाही आणि मीही काढलं नाही. परतीच्या बसमध्ये मी रडलो. घरी येऊन वडिलांना सांगितलं, तर ते म्हणाले, "अण्णांचं काही चुकलं असेल असं नाही वाटत भो, ते तर चाराणेसुद्धा..." मी उठून बाहेर गेलो.

पुढच्या हिवाळ्यात अण्णा आणि माई पुण्याला जायला निघाले. तिथे त्यांनी फ्लॅट घेतला होता. खातीपुऱ्यात मंडळाने निरोप समारंभ ठेवला. शाल, नारळ, पोहे, सगळं यथासांग. जो उठला त्याने कंडक्टरचीच गोष्ट सांगितली, आणि तीही चुकीची. कुणी चाराण्यांचे पाच रुपये केले, कुणी अण्णांना बसमागे पळायला लावलं. शेवटी कुणीतरी म्हणालं, अरे विलास तर प्रत्यक्ष हजर होता, त्याला बोलू द्या. मी उभा राहिलो. अण्णा समोर शाल पांघरून बसले होते. मी म्हटलं, "चाराणे होते. अण्णांनी परत दिले. मी पाहिलं आहे." आणि बसलो. टाळ्या पडल्या. अण्णांनी मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते घाटगेटला आले. मी एकटाच चाकावर होतो. त्यांनी त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, जिथली झाडलोट आता मी करत होतो, आणि माझ्यासमोर तरटावर बसले. मी चाक बंद केलं. त्यांनी उजवा हात पुढे केला. इतक्या वर्षांच्या सवयीने माझाही हात पुढे गेला. त्यांनी वर धंद्याचा रुमाल टाकला.

रुमालाखाली त्यांनी माझी बोटं दाबली. आकडा लहान नव्हता. एक नवीन चाक त्यात सहज आलं असतं. मी तोंडाने विचारलं, "हे कुणाचं?"

"तुमचं, विलासराव," ते म्हणाले. पुन्हा मराठीत, पुन्हा 'राव.'

"आणि उस्तादांचं?"

त्यांनी रुमालाची कड सरळ केली. त्यांचा हात पूर्वी कोरडा असायचा, त्या दिवशी ओला होता. मला त्यांची दया आली हेही सांगायला हवं. त्यांचे डोळे भरले होते. त्या क्षणी ते मला एवढंच म्हणाले असते, की विलासराव, चुकलं, चला चौमूंला जाऊ, तर मी तसाच उठून त्यांच्यासोबत गेलो असतो. मी वाट पाहिली. ते फक्त बोटं पुन्हा दाबत राहिले, थोडी वाढवून.

मग मी माझा हात थोडा वर सरकवला आणि त्यांचं मनगट दाबलं. एकदाच, त्यांनी शिकवलं होतं तसं.

त्यांनी हात काढून घेतला. उठताना गुडघ्यावर जोर द्यावा लागला. मी आधार दिला, तो त्यांनी घेतला. दारातून बाहेर पडताना त्यांनी मागे पाहिलं नाही, आणि रुमाल तरटावर तसाच राहिला.

दोन दिवसांनी ते गेले. स्टेशनवर सगळं मंडळ होतं, मी नव्हतो. तो रुमाल मी घरी आणला. आई म्हणाली, चांगला आहे, वापर. मी तो साबणाने धुतला, इस्त्री केली, चार घड्या घातल्या, आणि मंडळाकडून पत्ता घेऊन पुण्याला पाठवून दिला. सोबत काही लिहिलं नाही. जे आपलं नाही ते खिशात जड होतं, हे मी त्यांच्याचकडून शिकलो होतो.